पाचव्या माळेचं खारं पाणी

१ जून, रविवार

काल निवृत्त झालो. जिंतूर आगारात हार, नारळ, फेटा असं सगळं यथासांग झालं. आगारप्रमुख भगवानराव भाषणात म्हणाले, "महारुद्ररावांनी तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून एकाही प्रवाशाला चुकीची गाडी सांगितली नाही." मी एकदा भलत्याच गाडीत बसवलेली पालमची माणसं हे ऐकायला हजर नव्हती म्हणून बरं.

ही डायरीही तिथलीच भेट. निवृत्ती मेमध्ये आणि डायरी जानेवारीपासूनची, त्यामुळे पाच महिने आधीच वाया गेलेत. मी म्हटलं, उरलेले तरी भरू.

सकाळी चहा घेताना आईनं कामाला लावलं. आई, कस्तुराबाई, वय चौऱ्याऐंशी. कान शाबूत, दात नाहीत.

"तीस वर्सं लोकायच्या चौकश्या केल्यास. आता माझी एक कर. ते माणूस कुठं गेलं त्याचा तपास काढ."

'ते माणूस' म्हणजे तिचा बाप, माझा आजोबा बन्सीधर. आई त्याला कधीच बाप म्हणत नाही. ती रांगायला लागली नव्हती तेव्हा, १९४२ साली, तो पिंपळगावहून निघाला, सरकारच्या लढाईच्या बोटीवर लागला आणि परत आला नाही. गावाचं म्हणणं असं की त्यानं मुंबईत दुसरी बाई केली. कुणीतरी त्याला तिच्याबरोबर बघितलं होतं म्हणे. कुणी, ते आजवर कळलेलं नाही. माझी आजी लक्ष्मीबाई मरेपर्यंत ठसठशीत कुंकू लावून राहिली आणि गाव तिला मरेपर्यंत 'टाकलेली' म्हणत राहिलं. आई मग टाकलेलीची पोर. शाळेत, पाणवठ्यावर, स्वतःच्या लग्नातसुद्धा.

"इतक्या वर्षांनी कशाला गं?" मी म्हटलं.

"मेला आसल तर पितराचं पान वाढीन. पळाला आसल तर न्हाई वाढणार. पण मी जायच्या आदी मला समजू दे."

हो म्हणालो. चौकशी म्हटल्यावर नाही म्हणायची सवयच राहिलेली नाही.

४ जून, बुधवार

आजोबा गेला समुद्रावर आणि मी समुद्र एकदाच पाहिलाय, संघटनेच्या मोर्चाला मुंबईला गेलो होतो तेव्हा. चौपाटीवर उभं राहून 'बाप रे' म्हणालो आणि भेळ खाल्ली. एवढाच माझा या विषयातला अभ्यास.

आजीबद्दल आठवेल तेवढं लिहून ठेवावं असं ठरवलं. पण आजी बोलायची कमीच. नवऱ्याचा विषय निघाला की उठून जनावराला पाणी दाखवायला जायची. तिला फिरायचा शौक एकच: नवरात्रात पाचव्या माळेला लोणारला जाऊन कमळजादेवीची ओटी भरायची. मी लहान असताना दोनदा तिच्याबरोबर गेलो. तिथलं तळं भलंमोठं, खोल परातीत साठल्यासारखं, आणि पाणी खारट, उग्र वासाचं. मी नाक धरून वरच्या झाडाखाली थांबायचो. ती मात्र ओटी भरून झाली की घोट्यापर्यंत त्या पाण्यात उभी राहायची, बराच वेळ. तिथे कुणी लांबचे पाहुणे भेटायचे आणि मला गुळशेव द्यायचे. त्या घाणेरड्या पाण्यात तिला काय गोडी होती, कुणास ठाऊक.

वारली तेव्हा तिला मळवट भरून, हिरवं लुगडं नेसवून न्यायचं की नाही यावर बायकांत कुजबुज झाली होती. नवरा जिवंत की मेलेला, हे ठाऊक कुणाला? शेवटी सरजाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "जलमभर लावलं, आता तुमी पुसणाऱ्या कोण?" आणि आजी सवाष्ण म्हणून गेली.

१९ जून, गुरुवार

आमची राजेश्री पुण्यात नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं की दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नावं जपणारी विलायतेत एक संस्था आहे आणि तिची सगळी यादी मोबाइलवर बघता येते. ज्यांना थडगं नाही, जे समुद्रातच राहिले, त्यांचीही.

दुपारी जेवण झाल्यावर बघायला बसलो आणि चहा थंडगार झाला तरी उठलो नाही. आपल्या माणसांची नावं हजारोंनी. रत्नागिरीचे, चटगावचे, सिल्हेटचे, पंजाबचे. कुणी खलाशी, कुणी बोटीवर रांधणारा भंडारी, कुणी कोळसा ओढणारा. बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव. कुणा परक्या माणसानं बसून हे एकेक लिहिलं असेल आणि दुसऱ्या कुणी ऐंशी वर्षं सांभाळलं असेल. मी मालनला हाक मारून एक पान वाचून दाखवलं. मालन म्हणजे आमची मंडळी. ती हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत उभी राहिली.

"येवढी माणसं पाण्यात गेली आन् आपल्याला पत्ता न्हाई," ती म्हणाली.

मलाही नव्हता. लढाई म्हटलं की मला जमीनच दिसते.

२ जुलै, बुधवार

नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं, याची कल्पना नव्हती. बन्सीधरचे सात अवतार झाले. पिंपळगाव टाकून पाहिलं, जिंतूर टाकलं, परभणी टाकलं, हैदराबाद संस्थान टाकलं. काही नाही. दिल्लीला नौदलाचा इतिहास सांभाळणाऱ्या कचेरीलाही एक अर्ज पाठवला. इंग्रजी माझं, दुरुस्ती राजेश्रीची, त्यामुळे शेवटी तिचंच.

११ जुलै, शुक्रवार

सापडला! पेढे आणायला निघालो.

(संध्याकाळी) नाही. तो पंजाबातला निघाला. बापाचं नाव वेगळं. उगाच पेढे आणले. मालननं ते देवापुढे ठेवून सगळ्यांना वाटले आणि कारण विचारणाऱ्याला "असंच" म्हणाली.

२७ जुलै, रविवार

आज आईला सांगून टाकलं. यादीत त्या बेपत्त्याचं नाव नाही. यादी मेलेल्यांची आहे. यादीत नाही म्हणजे लढाईत मेला नाही. लढाईत मेला नाही तर लढाई संपल्यावर घरी का आला नाही? हिशेब सरळ आहे. गाव खरंच बोलत होतं.

हे सगळं मी आईपुढे जसंच्या तसं मांडलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले.

"म्हंजी पळालाच," ती म्हणाली.

मग सूप बाजूला सारून आत जाऊन पडली. जेवायला उठली नाही.

मालन माझ्यावर अशी भडकली की काय सांगू. "तुमाला निकाल द्यायला कोणी सांगितलं होतं? खिडकीतून गाडी रद्द झाली म्हणून सांगतेत तसं सांगितलंत!"

मी म्हटलं, खरं ते सांगितलं. पण जेवण मलाही गेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे आई विषय काढत नव्हती. हाक मारली तर 'हं' एवढंच. मोबाइल हातात घेतला की तोंड फिरवायची.

आज शेजारच्या चांगुणाबाईची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. पोरगी आईच्या पाया पडायला आली. आईनं तिच्या ओटीत खारीक-खोबरं घातलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून पुरं वाक्य निघालं: "जा बाई. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय. मी बी मामाच्या घरी जलमले, हा महारुद्र बी माझ्या माहेरी, आन् ते माणूस बी त्याच्या आजोळीच जलमलेलं."

मी दाढी करत होतो. वस्तरा तसाच राहिला.

नोकरीला लागलो तेव्हा जन्मस्थळ म्हणून मी पिंपळगाव लिहिलं होतं, आईचं माहेर. राहिलो कधीच नाही तिथे, पण जन्मलो तिथे. दर बदलीला नवा कारकून विचारायचा, तुमचं गाव नक्की कोणतं? तीस वर्षं मी त्या कारकुनांना हसलो. आणि आजोबाला शोधताना त्याचं गाव पिंपळगाव धरून बसलो! भरतीच्या साहेबानं जन्म कुठला विचारलं असेल, तर आमच्याकडचा थोरला मुलगा बापाचं गाव सांगेलच कसा?

"आई, त्याचं आजोळ कोणतं?"

"लोणाराकडं. धानोरा. तिकडं इंग्रजाचं राज होतं, आपल्याकडं निजामाचं."

निजामाच्या मुलखात शोधत होतो. माणूस वऱ्हाडात बसलाय.

११ ऑगस्ट, सोमवार

धानोरा. जिल्हा बुलडाणा.

आहे. आजोबा आहे.

दुपारी पावणेचारच्या जिंतूर-परभणीचा भोंगा रस्त्यावरून ऐकू आला आणि पडद्यावर नाव आलं. चार ओळी आहेत. मी मराठी करून इथे लिहून ठेवतो:

बन्सीधर. स्टोकर. जहाज वैनगंगा. ४ ऑक्टोबर १९४३. वय २२. सखाराम यांचा मुलगा. लक्ष्मीबाई, धानोरा, यांचा पती.

बावीस. आमची राजेश्री सव्वीसची आहे.

मी उठून अंगणात गेलो, परत आलो, परत वाचलं. पुसलं गेलं नव्हतं. आगारात एका चालकाचं नाव सूचनाफलकावर आठवडाभर टिकत नाही. हे नाव साता समुद्रापलीकडे ऐंशी वर्षं कुणीतरी धरून ठेवलंय आणि आम्ही घरातले त्याला बेपत्ता म्हणतोय. हात जोडावेसे वाटले. जोडलेही, मोबाइलला. मालन बघत होती, पण हसली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आईला सांगायचं धाडस काल झालं नाही. एकदा तोंड पोळलेलं. आज मालनला शेजारी बसवून सांगितलं. बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

आई लांबूनच बघत होती. मग विचारलं, "बायको कोणची लिवलीय?"

"लक्ष्मीबाई."

"दुसरी?"

"दुसरी कुणी नाही आई. एकच आहे. लक्ष्मीबाई."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मग तिनं मोबाइल हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तरी काचेवर बोट फिरवत राहिली, आणि तिच्या बोटानं ते पान सरकून भलतंच काही आलं तशी घाबरली: "गेलं का रे? पुन्हा गेलं का?"

मी परत आणून दिलं. आम्ही तिघंही रडलो. लिहायला लाज कसली?

३० ऑगस्ट, शनिवार

दिल्लीच्या कचेरीचं उत्तर आलं. अर्धंच पान, पण मी ते पाठ केलंय.

वैनगंगा हे सुरुंग काढणारं छोटं जहाज. शत्रूनं पाण्यात पेरलेले सुरुंग हुडकून फोडायचे, म्हणजे मागून येणाऱ्या मोठ्या बोटींना वाट मोकळी. ब्रह्मदेशाच्या बाजूच्या समुद्रात त्या सकाळी एक सुरुंग जहाजालाच लागला. वरची माणसं वाचली. खाली बॉयलरपाशी चौघे होते, ते वर आले नाहीत.

स्टोकर म्हणजे बॉयलरच्या भट्टीवरचा माणूस. पोलादाच्या पत्र्याच्या आत, पाण्याच्या पातळीच्याही खाली, समोर जाळ आणि चारी बाजूंनी समुद्र. आमच्या पिंपळगावात मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पोहणं तिथे कुणाला येत नाही, कारण पोहायला पाणी लागतं. त्या गावचा बावीस वर्षांचा पोरगा खाली उतरून तिथे उभा राहत होता, रोज, आणि पुढच्या पाण्यात काय पेरलंय हे त्याला ठाऊक होतं. मी सकाळपासून त्या एकाच गोष्टीपाशी अडकलोय. माझ्यात त्याचं रक्त आहे म्हणतात. मला तर आगाराच्या टाकीवर चढायची भीती वाटते.

आईला पान वाढायचं तर तारीख चालत नाही, तिथी लागते. भटजींनी जुनी पंचांगं काढून बघितली: आश्विन शुद्ध पंचमी. म्हणजे पितृपक्षातलं पान पंचमीचं. काम झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पंचमी. आईनं स्वतः वडे तळले, खीर केली. मालनला हात लावू दिला नाही. पान गच्चीवर ठेवलं आणि मागे वळेपर्यंत कावळा हजर. इतर वर्षी वडिलांकडच्या आजोबा-पणजोबांच्या पानाला तासतासभर आळवावं लागतं.

"उपाशी आसल," आई म्हणाली, "लगेच आला."

चौकशी इथे संपली असं मी धरलं होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सरकारनं माणूस मेल्याची तार केली असेलच. पत्ता धानोऱ्याचा होता. मग ती तार गेली कुठे?

१४ सप्टेंबर, रविवार

धानोऱ्याला जाऊन आलो. मंठ्याहून लोणारची गाडी, पुढे दोन कोस पायी. हे सगळं आजच लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आजोबाच्या मामाचा नातू भागवत, साठीचा शेतकरी. मी ओळख सांगितली, यादीतलं नाव दाखवलं, आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुमच्या घरचा भाचा समुद्रात वारला. तुम्हाला सांगायला आलोय."

त्यानं मला पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाला, "आमाला ठाऊक हाय की. तार आमच्याच घरी आली होती. आमचे आजे दरसाल त्यायला पाणी देत होते, मग आमचे दादा, आता मी देतो. पाचव्या माळेला, लोणारच्या तळ्यात. समुद्र कुठं गाठायचा आमी? पण माणूस खाऱ्या पाण्यात गेलं, तर खारंच पाणी द्यावं म्हणले आजे."

मी विचारलं, "मग आमच्या आजीला का नाही कळवलं?"

भागवतनं तांब्या खाली ठेवला. "अहो, लक्ष्मीकाकी येत होती की. दरसाल. त्या पाण्यात आमच्या आज्याच्या मागं उभी राहत होती. तुमी बी आलता लहानपणी. आमच्या दादांनी तुमाला गुळशेव दिलती."

पाचवी माळ म्हणजे पंचमी. आश्विन शुद्ध पंचमी! भटजींनी तिथी सांगितली तेव्हाही माझ्या डोक्यात दिवा लागला नाही. आणि मी तीस वर्षं वेळापत्रक पाठ असलेला माणूस.

मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्या आजीकडून ऐकलेलं. तार घेऊन मामा पिंपळगावला गेला. वाटेत विहिरीवर लक्ष्मीबाई भेटली. तिनं तिथेच सगळं ऐकलं, घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्याबाईला सांगू नका." आत्याबाई म्हणजे तिची सासू. नवरा लवकर गेलेला, एकुलतं एक पोर, पोरगा बोटीवर गेल्यापासून तिनं अंथरूण धरलेलं. "ह्यायचं ऐकलं तर त्या आजच जातील. मी सांगते सवडीनं."

सवड कधी झालीच नाही. सासू पुढे वीस वर्षं जगली, दर सणाला पोराची वाट बघत. तोवर लक्ष्मीबाई गावातल्या प्रत्येक लग्नात सवाष्ण म्हणून बसलेली, किती नवऱ्यांना हळद लावलेली, किती पोरींच्या ओट्या भरलेल्या. आता खरं सांगावं तर त्या सगळ्या घरांत अपशकुनाचा संशय सोडायचा. आणि सासूनं जाताना सुनेच्याच कपाळाकडे बघून डोळे मिटले होते म्हणे, माझा बन्सी येईल म्हणत.

भागवतची आजी तिला एकदा म्हणाली होती, अगं आता तरी पूस. तर लक्ष्मीबाई म्हणाली, "लोक मला टाकलेली म्हणतेत, म्हणू द्या. त्यायला कोणी मेलेलं म्हणत न्हाई."

"रझाकाराच्या सालात बी आली होती," भागवत म्हणाला. "हद्दीवरचा करोडगिरीचा, जकातीचा नाका चुकवून, ज्वारीतून, एकटी."

आजोबा किती लांब गेला याचं मला महिनाभर नवल वाटत होतं. आजी तर कुठेच गेली नाही, पिंपळगाव ते लोणार एवढाच तिचा मुलूख. आणि तेवढ्यात तिनं काय काय पेललं! माणूस हसतखेळत पुरण वाटतंय, लग्नात गाणी म्हणतंय, आणि आत हे. गाडीत मला नीट बसवेना. वाहक ओळखीचा होता, त्यानं विचारलं, "साहेब, बरं न्हाई का?" मी म्हटलं, फार बरं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस आईपासून तोंड लपवलं. बाप पळाला नाही हे कळून ती आत्ता कुठे सावरलीय. आणि आता तिला सांगायचं की तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी तिनं तुला टाकलेलीची पोर म्हणून वाढू दिलं?

मालन म्हणाली, "आर्धी चौकशी सांगत नसतेत."

सांगितलं. काल संध्याकाळी, भागवतनं सांगितलं तसं, क्रमानं, कुठेही निकाल न देता.

आईनं हातातली वात खाली ठेवली. मग एकदम चिडली. मी तिला आजीवर चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"मला तरी सांगायचं की! लेकीला तरी! मी त्या माणसाला किती शिव्या दिल्या रे. तिच्यासमोर देत होते. ती भाकरी थापत ऐकत बसायची." मग आवाज बसला. "ऐकत बसायची."

रात्री जेवली नाही. सकाळी मात्र अंघोळ करून आली आणि म्हणाली, "यंदा पाचवी माळ कवा हाय?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाचवी माळ.

चार दिवसांपासून पाऊस कोसळतोय. ओढे भरलेत, गाड्या कुठे चालू कुठे बंद. मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, "पुढच्या वर्सी मी आसंन का?" शेवटी आगारात फोन करून भगवानरावांकडून रस्त्याची खात्री केली आणि जीप केली. मी, मालन, आई.

लोणारला पाऊस उघडला होता. काठावर उभं राहिलं की अजूनही पाऊल आपोआप मागे येतं. आभाळातून दगड पडला आणि एवढा खड्डा झाला म्हणतात. खाली ते हिरवट पाणी, पावसानं वाढलेलं, आणि वाऱ्यावर तोच जुना वास. मी नाक धरलं नाही.

आईला पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. भागवत आणि त्याच्या भावानं एक खुर्ची आणली आणि तिला त्यात बसवून हळूहळू खाली नेलं. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, थांबा. तिथे एक झाड होतं.

"इथं बसवायची मला," आई म्हणाली. "हिथून हलू नको म्हणायची. आन् तिकडं पाण्यात पाठ करून उभी राहायची. मला वाटायचं, देवीचं काही करायलीय." तिनं पदर तोंडाला लावला. "तोंड दिसू नये म्हणून पाठ करत होती, बाई."

खाली देवळात मालननं ओटी भरली. भागवतनं पाण्यात उतरून तीळ सोडले आणि दर्भ बोटात धरून आज्या-पणज्यांची नावं घेतली, मग बन्सीधर सखाराम. ते नाव त्याच्या तोंडी इतकं सवयीचं होतं की मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. हे दरसाल होत होतं. आम्ही सोयाबीन काढत होतो, गाड्या सोडत होतो, त्या माणसाला शिव्या घालत होतो, आणि इथे दरसाल कुणीतरी उभं राहून त्याला पाणी देत होतं.

भागवत आईला म्हणाला, "आक्का, तुमी बी द्या. लेकीचं पोचतंय."

आम्ही खुर्ची पाण्यापर्यंत नेली. आईचे पाय पाण्यात बुडले. तिनं ओंजळ भरली, आधी थोडं जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"समुद्र आसाच लागतो का रे?"

मी समुद्र चाखलेला नाही. तरी म्हटलं, "असाच."

ती ओंजळ धरून तशीच बसली. पाणी बोटांतून गळायला लागलं. भागवत म्हणाला, सोडा की आक्का, नाव घेऊन सोडा. तरी ती बसलीच. मग माझ्याकडे वळली, आणि तिच्या तोंडावर लहान पोरीसारखी लाज होती.

"महारुद्रा, काय म्हणून हाक मारू रे? मी कोणालाच कधी बा म्हणले न्हाई."

मी मालनकडे बघितलं. मालन म्हणाली, "तसंच म्हणा, आत्याबाई."

आईनं ओंजळीतलं उरलेलं सांडून दिलं, वाकून पुन्हा भरून घेतली, काठोकाठ. आणि त्या सगळ्या पाण्याकडे बघत मोठ्यानं, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"बा! पाणी घे."